पागावाडीचे लाल खुंट

सखुबाई चरात उतरून उभी राहिली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. चर घराच्या पायाचा होता. तिचाच, तिच्या नवऱ्यानं आणि मुलानं मिळून खणलेला. वर काठावर तहसिलीचा चपराशी लाल रंग दिलेला खुंट हातात धरून उभा होता, आणि तो खुंट नेमका त्या चराच्या मधोमध ठोकायचा असा त्याला हुकूम होता.

"बाईजी, बाहर आ जाओ. मेरी नौकरी का सवाल है," चपराशी म्हणाला.

"आणि माझ्या घराचा सवाल तुझा साहब सोडवणार का? ठोक. इथंच ठोक, माझ्या टाळक्यावर."

तिचा नवरा तुकोजी कडेला उकिडवा बसून "अगं, सरकारी माणूस आहे तो," एवढंच घोकत होता. तुकोजीचा आजा होळकरांच्या पागेत बारगीर होता, भाल्याच्या टोकावर लिंबू उचलायचा म्हणे. नातवाकडे त्या भाल्यातलं काही उतरलं नव्हतं. सरकारी पट्टा दिसला की याची मान आपोआप खाली जायची. शेवटी चपराशीच शहाणा निघाला. त्यानं खुंट चराच्या बाजूला ठोकला आणि बजावलं, इथं दगड लावायचा नाही, लावला तर दंड, भिंत उठवली तर पाडणार. मग तो पुढच्या घराकडे गेला. दुपारपर्यंत नाल्याच्या अंगाची अख्खी गल्ली लाल खुंटांनी भरली.

पागावाडी म्हणजे इंदूरहून बैलगाडीनं सकाळी निघालं तर जेवणवेळेला पोचावं एवढ्यावरची वस्ती. होळकरांच्या घोडदळातली मराठी घरं पूर्वी इथं वसवली होती. खालून धामणी नावाचा नाला वाहायचा आणि पलीकडे सपाट कुरण होतं, त्याला घोडबीड म्हणत. दरबाराची घोडी तिथं चरायची. आता दरबार नव्हता, घोडी नव्हती. मध्यभारत झाला होता, अर्धं वर्ष सरकार ग्वाल्हेरला बसायचं आणि अर्धं वर्ष इंदूरला, आणि कुठं का बसेना, तिथून नवे कायदे निघायचे.

गेल्या श्रावणात झड लागली आणि तुकोजीच्या घराची मातीची मागची भिंत भिजून बसली. नाल्याचं पाणी नव्हे, आभाळाचं. भिंतीमागून आढं खचलं आणि तेव्हापासून सगळं घर गोठ्यात राहत होतं. मुलगा बंडू इंदूरला गिरणीत होता, आठवड्याला यायचा. सून बेबी पोटुशी होती आणि तिचे दिवस आषाढात भरत होते. आषाढाच्या आधी छपरावर कवेलू चढून डोकी झाकली पाहिजेत, नाहीतर भर पावसात म्हशीच्या शेजारी बाळंतपण, एवढा एकच हिशेब सखुबाईच्या डोक्यात होता. गोठ्यात पोर झालं म्हणून काही आकाश कोसळत नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. म्हणणारच. त्यांच्या भिंती उभ्या होत्या.

आता, त्या खुंटांमागचा नियम वाईट होता असं कुणी समजू नये. पुराचं पाणी जिथवर येतं तिथं नवं बांधकाम करू नये, इतकंच त्यात होतं आणि इतकं तर पागावाडीच्या शेळ्यांनाही कळत होतं. पाणी कुठवर येतं हे ठरवायला कार्तिकात ओवरसियर येऊन गेला होता. रघुवीर नावाचा, ग्वाल्हेरजवळच्या मुरारकडचा तरुण माणूस. पारावर सगळे जमले आणि त्यानं सरळ विचारलं की भाई, पानी कहाँ तक आता है.

तिथं माशी शिंकली. पागावाडीत पाणमाय होती. गुडघाभर उंचीचा शेंदूर लावलेला दगड. जुन्या काळी मोठा पूर आला की ओसरल्यावर सवाष्णींनी पाणमायला उचलायचं आणि पाण्याची कड जिथं लागली तिथं नेऊन बसवायचं, अशी रीत. पाणी मायच्या पायाला लागतं आणि परत फिरतं, असं आजीपासून नातीपर्यंत सगळ्या म्हणायच्या. माय खाली चिंचेपाशी होती तोवर ते खरंही होतं. पण चिंचेची वाट श्रावणात चिखलाची. एका वर्षी पूजेला जाताना दत्तोपंतांच्या शारदाबाई घसरल्या आणि कंबर धरून बसल्या. मग सगळ्या वाडीनं एकमतानं, चढ म्हणून पुरुषांनीही दोर धरून, मायला उचललं आणि वर पाराशेजारी निंबाखाली आणून बसवलं. गल्लीच्या पार वरच्या टोकाला. चिखल नको, घसरणं नको, घरातून निघालं की पूजा. माय वर आली, म्हण मात्र होती तशीच राहिली. यात काही चुकलं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि ओवरसियरनं विचारल्यावर दत्तोपंत बोलले. दत्तोपंत राजवाड्यात दफ्तरात कारकून होते, आता पेन्शनीत निघाले होते आणि वाडीत टोपीवाला माणूस आला की सगळ्यांच्या वतीनं बोलायचा मक्ता त्यांच्याकडे होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी निंबाकडे हात केला आणि म्हणाले, "साहब, पानी माय के चरणों तक आता है. पीढ़ियों से." सगळ्यांनी निंबाकडे वळून हात जोडले. तुकोजीनं जोडले. सखुबाईनंही जोडले, हे सांगायला पाहिजे. ओवरसियरनं दुर्बीण लावली, मायच्या पायाची उंची घेतली आणि तिथून खाली या काठावर जे काही होतं ते सगळं नाल्याचं पोट असं लिहून तो निघून गेला. त्या पोटात अख्खी गल्ली आली.

खुंट ठोकले त्या दिवशी सखुबाई चरातून बाहेर आली ती सरळ नाल्याच्या काठावर जाऊन उभी राहिली, कारण पलीकडून छिन्नी-हातोड्याचा आवाज येत होता. घोडबिडावर इंदुरातल्या सियागंजच्या गेंदालाल सेठचं काम चाललं होतं. सेठ तिथं कपाशीचं जीन, सरकी काढायचा कारखाना, घालणार होता. पुरुषभर उंचीचं दगडी जोतं नाल्याला लागून उठत होतं, आणि तिथं एकही लाल खुंट नव्हता. धामणीचा पूर खरा पसरायचा तो घोडबिडावर. म्हणून तर तिथं गवत चांगलं यायचं आणि म्हणून दरबारानं तिथं घर बांधू दिलं नव्हतं. पण पलीकडे विचारायला माणूस नव्हता आणि सांगायला देव नव्हता, म्हणून कागदावर ती कोरडी जमीन झाली.

तिच्या एकदम लक्षात आलं आणि अंगाचा भडका उडाला. ते जोतं झालं की पसरायचं पाणी पसरणार कुठं? या अंगाला येणार. म्हणजे आजवर गल्लीत कधी न आलेलं पाणी आता खरंच येणार, आणि तेव्हा सरकार म्हणणार, बघा, आम्ही तर आधीच खुंट ठोकले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ती अशी. ती घरी आली, तुकोजीच्या अंगावर धोतर फेकलं आणि म्हणाली उद्या इंदूरला जायचं.

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीतली ती कचेरी शोधायलाच त्यांची सकाळ गेली. तुकोजी दारातच चपला काढून उभा राहिला. ओवरसियर भेटला आणि सखुबाईनं मनात घोळवून आणलेल्या शिव्या तशाच राहिल्या, कारण माणूस भला होता. त्यानं बसायला सांगितलं, पाणी मागवलं, नकाशा उलगडून दाखवला. सेठच्या जोत्याचं विचारल्यावर त्याचं तोंड जरा कडू झालं. तिथं पाणी येतं असं सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि सेठची माणसं तर येत नाही असंच सांगून गेली, असं तो म्हणाला. मग त्यानं नकाशावर पेन्सिल ठेवली.

"बाईजी, मैंने अपने मन से कुछ नहीं लिखा. आपके गाँव ने कहा, मैंने लिखा. अब आपका गाँव मेरे सामने कह दे कि वहाँ पानी नहीं आता, मैं खूँटे उखाड़ दूँगा."

"बस? एवढंच?" सखुबाई म्हणाली.

"इतना ही."

परतीच्या वाटेवर ती गाडीत मोठ्यानं बोलत होती. अमावास्येच्या आत पाया भरू, वैशाखात भिंती, ज्येष्ठात कवेलू. तुकोजी बैलांकडे बघत बसला होता. त्याला पुढचं दिसत होतं आणि ते तिला सांगायचा धीर त्याला होत नव्हता.

संध्याकाळी पारावर सगळे जमले तेव्हा ते तिलाही दिसलं. ओवरसियर काय म्हणाला ते तिनं सांगितलं, आणि ज्यांच्या ज्यांच्या अंगणात लाल खुंट होता ते सगळे निंबाकडे बघत गप्प बसले. कुणी तंबाखू मळायला लागलं. पाणमायचं आणखी एक होतं. मायला कोरडी म्हणेल त्याची विहीर कोरडी पडते, अशी वाडीत पक्की समजूत होती. या जागी पाणी येत नाही म्हणणं म्हणजे माय इथं कोरडी आहे म्हणणं. आणि प्रत्येकाच्या दारात विहीर होती.

"पंतजी, तुम्ही सांगितलं तर साहब ऐकेल," सखुबाई म्हणाली. "तुम्हीच बोलले होते, तुम्हीच परत घ्या."

"मी देवीबद्दल बोललो होतो, सखुबाई. देवीचं बोललेलं परत घेत नसतात."

"मग आम्ही पोटात घेऊन बसायचं का सगळं? तुमच्याही ओट्यावर खुंट आहे की. उद्या ओटा पडला तर?"

"ओटा पडेल तेव्हा बघू," दत्तोपंत म्हणाले, आणि सगळ्यांनी मान हलवली. कारण खुंट नवं बांधायच्या आड येत होता, आणि नवं बांधायचं सध्या फक्त तुकोजीला होतं. दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ मोजायला कुणाला दुखत नाही. माय खाली चिंचेपाशी होती, आपणच चिखलाला कंटाळून तिला वर आणली, हे त्या पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दगड उचलायला ज्यांनी दोर धरले होते तेच समोर बसले होते. पण एकाच्याही तोंडून अवाक्षर निघेना.

रागाच्या भरात ती निंबाखाली गेली. मीच म्हणते, कोण काय करतं बघते, असं ठरवून. मायच्या समोर उभी राहिली, तोंड उघडलं आणि तिलाही ते म्हणता येईना. घर गेलं होतं, आढं गेलं होतं. दारात एक विहीर तेवढी शाबूत होती, आणि सुनेला दिवस गेलेले. तिनं तोंड मिटलं आणि आली तशी घरी गेली. त्या रात्रीचा तिचा राग सगळ्यांवर होता आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता.

अक्षय्यतृतीयेला मात्र सकाळीच ती गल्लीतल्या दारादारातून फिरली. म्हणाली, मायला कोरडी म्हणायचं नाही ना? नका म्हणू. मायला जिथं पाणी लागतं तिथं नेऊन बसवू, रीत तीच आहे. घोडबिडावर पाणी लागल्याला वर्ष नाही झालं. बायका आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. मायला उचलणं हा सवाष्णींचा मान, त्यात पुरुषांना विचारायचं नसतं. दोर आले, डोक्याच्या चुंबळी आल्या. निंबाखालून मायला काढली आणि सगळ्याजणी ओव्या म्हणत धामणीच्या कोरड्या पात्रातून पलीकडे निघाल्या. बेबीला सखुबाईनं येऊ दिलं नाही, ती गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती.

घोडबिडावर जागा शोधावी लागली नाही. श्रावणातल्या पुराचा काडीकचरा बाभळींच्या फांद्यांत अजून अडकून वाळलेला होता आणि गाळाची कड जमिनीवर सरळ दिसत होती. ती कड सेठच्या जोत्याच्या बरीच मागे, चढावर होती, म्हणजे जोतं पाण्याच्या पोटात. तिथंच मायला बसवली. जोत्यावरचे गवंडी हातातलं काम टाकून उभे राहिले. सेठचा मुनीम धावत आला.

"यो कईं करी रिया हो, बाई? यो सेठजी को खेत है."

"सेठजी की जमीन है, पण पाणी मायचं आहे," सखुबाई म्हणाली. "सेठजींना सांग, माय आपल्या घरी आली."

सेठ तिसऱ्या प्रहराला मोटार घेऊन आला. भाविक माणूस. आल्या आल्या पगडी काढून मायच्या पाया पडला, नारळ फोडला, सगळ्या बायकांना पेढे वाटायला लावले. मी माताजीला संगमरवरी छत्री बांधून देतो म्हणाला, जरा त्या तिकडे, मुरमाच्या टेकाडावर, उंचावर, शोभून दिसेल. सखुबाई म्हणाली, मायला उंच जागा एकदा दाखवून झाली आहे, आता ती इथंच बरी. सेठ तेव्हाही हसलाच. माझी सगळी परवानगी पक्की आहे, तुमचा तो ओवरसियरच येऊन सांगेल असं म्हणाला आणि त्यानं स्वतः माणूस पाठवून रघुवीरला बोलावणं धाडलं. त्याच्या हिशेबानं बायकांचा खुळचटपणा एका सरकारी शब्दानं मिटणार होता.

ओवरसियर दोन-चार दिवसांत आला. सगळी पागावाडी घोडबिडावर जमली, पुरुषसुद्धा. सेठ खुर्ची टाकून बसला होता. ओवरसियरनं बाभळींतला कचरा बघितला, गाळाची कड पायानं उकरून बघितली, मग मायच्या शेजारी उभा राहून कार्तिकातला तोच प्रश्न विचारला. आणि सगळ्या वाडीनं एका सुरात सांगितलं की पाणी मायच्या पायापर्यंत येतं. दत्तोपंतांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. या वेळी बोललेलं खरंही होतं, त्यामुळे आवाजाला जोर चढला होता.

सेठचं हसू गेलं. तो उठून उभा राहिला आणि बोलण्यासारखं एकच होतं ते त्यानं बोलून दाखवलं. "साहब, पिछली बार ये ही लोग नीम के नीचे यही बात बोले थे. आज यहाँ बोल रहे हैं. पूछिए, झूठ कब बोले?"

ओवरसियरनं मान हलवली. त्याला ते टाळता येण्यासारखं नव्हतं. तो वाडीकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "बताइए. वहाँ नीम के नीचे पानी आता था या नहीं? वह बात सच्ची थी, तो खूँटे वहीं रहेंगे. झूठी थी, तो कोई एक आदमी मेरे सामने कह दे. नहीं तो आज की बात भी मैं नहीं मानूँगा."

झालं. जे टाळायला एवढा दगड डोक्यावरून नाल्यापार आणला तेच पुन्हा समोर येऊन उभं राहिलं. वाडीच्या माना खाली गेल्या. दत्तोपंत उपरण्यानं तोंड पुसायला लागले. गल्लीतल्या बायका, ज्यांनी परवा चुंबळी डोक्यावर घेतल्या होत्या, त्या एकमेकींच्या मागे सरकल्या. सखुबाईला एवढा संताप आला की डोळ्यांपुढे लाल झालं. जळो ती विहीर, असं मनाशी म्हणून ती पुढे झाली.

तिच्या आधी तुकोजी पुढे गेला. चपला काढून, हात जोडून, मान खाली घालून, जसा तो कायम सरकारसमोर उभा राहायचा तसाच.

"हुजूर, वहाँ माय सूखी थी," तो म्हणाला. "कभी पानी नहीं आया. माय नीचे इमली के पास थी. चिखल के मारे हम लोग उठा के ऊपर लाए. मैंने भी रस्सी पकड़ी थी. हम झूठ बोले."

ओवरसियरनं त्याचं नाव विचारलं, त्यानं बापाच्या नावासकट सांगितलं. त्याच्या शेजारी उभी असलेली माणसं मात्र एकेक पाऊल मागे सरली. तुकोजीभोवती मोकळं मैदान झालं आणि त्यात सखुबाई जाऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

खुंट उपटले गेले. सेठला जोतं मोडून मुरमाच्या टेकाडावर न्यावं लागलं. त्याचं काही बिघडलं नाही, दगड तेच वापरले, जीन आणखी उंच आणि देखणं झालं. तुकोजीचा पाया भरला, वैशाखात भिंती आल्या. दत्तोपंतांनी खुंट गेला त्याच आठवड्यात ओट्याच्या पुढे एक नवी पायरी बांधून घेतली. आणखी दोघांनी पडव्या काढल्या. गल्लीत सगळीकडे गाऱ्याचा वास येत होता.

आणि त्याच गल्लीनं तुकोजीला वाळीत टाकलं. पंचायत बसवून नव्हे, तसं तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. पण हाक बंद झाली. पारावर तुकोजी जाऊन बसला की गप्पा थांबायच्या. मायला कोरडी म्हणणारा माणूस, याच्या सावलीनं आपल्यालाही लागायचं, असं बायका विहिरीवर बोलायच्या. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण ज्यानं कुणी काढली त्यानं एकदा पागावाडीत मुक्काम केला असला पाहिजे.

ज्येष्ठ तापला. तुकोजीची विहीर दर ज्येष्ठात तळाला जायची, तशी गेली. दर वर्षी असं झालं की शेजारच्या विहिरीवर दोर टाकायचा, त्यांची आटली तर त्यांनी आपल्याकडे यायचं, हे पिढ्यान् पिढ्या चाललं होतं. या वर्षी सखुबाई घागर घेऊन शेजारी गेली तर रहाटाचा दोर काढून घरात ठेवलेला. पुढच्या घरी म्हणाले पाणी गढूळ आहे. त्याच्या पुढच्या घरी शारदाबाई होत्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवून सरळच सांगितलं की बघ ना, तुझ्या नवऱ्यानं म्हटलं आणि तुमची विहीर कोरडी पडली, आता आमच्या विहिरीला दोष नको. सखुबाईच्या मनात आलं, हिच्याच कंबरेसाठी मायला वर आणली आणि हीच आता मायचं नाव सांगते. ती काही न बोलता परतली. बोलली असती तर हातातली घागर शारदाबाईंच्या डोक्यात गेली असती.

बेबी त्या वेळी पावलं मोजत चालायची, नववा लागला होता. घरावर कवेलू चढले होते आणि घरात प्यायला पाणी नव्हतं. सखुबाईनं कुदळ घेतली, घमेलं घेतलं आणि भर उन्हात धामणीच्या पात्रात उतरली. तुकोजी मागून आला. दोघांनी वाळू उकरायला घेतली. कोपरभर गेल्यावर वाळू ओली लागली, कंबरेइतका खड्डा झाला तसं तळाला पाणी पाझरायला लागलं. झिरा लागला. गोड पाणी, वाळूतून गाळून आलेलं. सखुबाईनं पहिली ओंजळ तुकोजीला दिली आणि काठावर बसून मोठमोठ्यानं रडली. तो राग होता, दुःख नव्हतं. तुकोजीला फरक कळला असावा, कारण त्यानं तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही.

पाऊस यायचं नाव घेईना. आठवडाभरात शेजारची विहीर गेली. मग त्या पुढची गेली. मग शारदाबाईंचीही गेली. ज्यांनी मायबद्दल कधी एक वावगा शब्द काढला नव्हता, ज्यांनी रोज हळदकुंकू वाहिलं होतं, त्यांच्याही विहिरींचे तळ उघडे पडले. एका सकाळी सखुबाई झिऱ्यावर गेली तर चार-पाच बायका घागरी घेऊन काठावर उभ्या होत्या. मागे त्यांचे नवरे. कुणी डोळ्याला डोळा देत नव्हतं.

सखुबाई झिऱ्याच्या तोंडाशी बसली. करवंटी हातात घेतली.

"पाणी देते," ती म्हणाली. "नाही म्हणणार नाही, मी काही तुमच्यासारखी नाही. पण घागर पुढे करायच्या आधी म्हणायचं. माय तिथं कोरडी होती. एवढंच. माझ्या नवऱ्यानं सरकारसमोर म्हटलं, तुम्ही माझ्यासमोर म्हणा."

मग शेजारची बाई पुढे झाली. विहीर तशीही कोरडी पडलीच आहे, आता म्हणायला काय जातं, असं पुटपुटली आणि म्हणाली. सखुबाईनं तिची घागर भरली. मग दुसरी म्हणाली. मग त्या बाईचा नवरा. करवंटीनं पाणी निघायला वेळ लागायचा, त्यामुळे प्रत्येकाचं म्हणणं मागच्यांना नीट ऐकू यायचं. तुकोजी वरच्या अंगाला दुसरा झिरा खणत होता, तो वर बघतही नव्हता.

दत्तोपंत सगळ्यांच्या शेवटी आले, ऊन चढल्यावर, बाकीचे गेल्यावर. हातात पितळेचा तांब्या होता.

"शारदेला ताप आहे," ते म्हणाले.

"म्हणा."

दत्तोपंतांनी घसा साफ केला. "उक्त स्थान पर जल का स्पर्श कदापि नहीं हुआ था."

"मला दफ्तराची बोली कळत नाही, पंतजी. आपल्या बोलीत म्हणा. आणि जरा मोठ्यानं, हे तिकडे खणून राहिलेत."

दत्तोपंतांनी मागे वळून वाडीकडे बघितलं. काठावर कुणी नव्हतं. तरी त्यांना ते म्हणायला फार वेळ लागला, आणि म्हटलं तेव्हा आवाज चिरकला. "माय तिथं कोरडी होती."

वरच्या अंगाला कुदळीचा आवाज थांबला. तुकोजी खड्ड्यात ताठ उभा राहिला आणि त्यानं पंतांकडे बघितलं, आणि या खेपेला मान खाली गेली ती पंतांची. सखुबाईनं तांब्या काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला.

"तापाला एवढ्यानं काय होणार," ती म्हणाली. "संध्याकाळी घागर घेऊन या."